फहाहीलमधले बेडूक

करारातलं कलम नऊ:
घर सोडताना भिंती पांढऱ्या करून द्याव्यात.
खाली माझी सही, मालकाचा शिक्का,
आणि साक्षीदार म्हणून
हारिस अम् शाबानच्या चहाचा डाग.

फोनवर शाल्मली म्हणाली,
बाबा, माझ्या खोलीत बेडूक हवेत.
फुलपाखरं नकोत, ती सगळ्यांकडे असतात.
किती हवेत?
ओढ्यात असतात तेवढे.

दवाखान्याच्या स्टोअरमध्ये जुन्या एक्स-रे फिल्मा पडून होत्या,
नाव-नंबराचे कोपरे कापलेल्या.
विचारून एक आणली, रात्रभर ब्लीचमध्ये ठेवली.
सकाळी बादलीच्या तळाशी
कुणाच्या तरी बरगड्यांचं काळं पाणी
आणि माझ्या हातात
आरपार दिसणारी निळसर छाती.

तिच्यातून बेडूक कापला.
पहिल्या झटक्यात डोळा गळून पडला.
परकार म्हणाला, अरे पूल ठेव, पूल!
डोळा काय अधांतरी राहतो?
त्यानं हर्णैला होड्यांवर नावं रंगवलेली;
‘ठ’च्या पोटातलं बेट कसं धरून ठेवायचं
हे त्याला विचारावं.
खरं तर खोली त्याचीच.
माझी माणसं येणार म्हणून
तो महिनाअखेर मंगाफला निघालेला.

सँडपेपर मारण्याआधी त्यानं टॉर्च तिरका धरला.
पांढऱ्याच्या खाली उंचवटे.
बोटांनी चाचपत गेलो:
होडी, होडी, होडी, एका रांगेत सात,
आणि आठवीला शीड नाही.
कुणीतरी कलम नऊ पाळून गेलेलं.
परकारनं सँडपेपर खिशात घातला.
म्हणाला, इथं घासू नको.

भांडी घासायचा स्पंज, पाव दिनारला चार.
बुडवायचा, पिळायचा,
जास्तीचा रंग वर्तमानपत्रावर टिपायचा,
मग भिंतीवर ओढायचं नाही, पुसायचं नाही,
नुसतं थोपटायचं.
मला जमेलसं वाटलं नव्हतं.
शाल्मली झाली तेव्हा मी नाइट ड्युटीवर होतो.
तिला थोपटल्याचा एकूण अनुभव
तीन सुट्ट्या मिळून सत्त्याऐंशी रात्री,
त्यातही निम्म्या वेळा आधी मीच झोपायचो.
भिंत बारा फुटांची.
खालून वर, हिरवट, मग थोडं पोपटी, मग नुसतं ओलं.
पहाटे तीनला ती निजली असं वाटलं
आणि मी हात हलकेच काढून घेतला.

नऊ बेडूक झाले आणि तोझ आलं.
एसीच्या फटीतून मैद्यासारखी धूळ
रात्रभर ओल्या रंगावर बसत राहिली.
ओल्या फडक्यानं पुसायला गेलो,
एका बेडकाचा पाय लांबला.
बाकीचे तसेच ठेवले,
शेडकार्डात कुठेच नसलेल्या रंगाचे.
परकार गादी गुंडाळता गुंडाळता म्हणाला,
झालं, यांना अकामा मिळाला.

त्या दोघी आल्या गुरुवारी.
शाल्मलीनं चप्पल न काढता मोजले.
नऊच आहेत.
ओढ्यातले मोजता येत नाहीत, बाबा.
लांब पायाच्या बेडकाला तिनं बोट लावलं,
वास घेतला, बोट फ्रॉकला पुसलं.
रात्री दिवा घालवल्यावर
तिच्या खाटेवरून आलं एक बारीक डराव.
बायको हसली. मीही, जरा उशिरानं.

गीझर बघायला अम् शाबान आला.
भिंतीसमोर पाना हातात धरून उभा राहिला,
मी कलम नऊची वाट पाहत होतो.
त्यानं गाल फुगवले,
‘दुफ्दा!’ म्हणाला, आणि गीझरकडे वळला.

फिल्म मी धुतली नाही.
कडांना हिरवं वाळलंय, कपाटामागे असते.
कधी शाल्मली ती खिडकीच्या काचेला लावते
आणि मला बोलावते:
बेडकाएवढा समुद्र,
पोटात रिफायनरीची ज्योत,
आणि दोन बारीक पुलांनी
जागेवर धरून ठेवलेला डोळा.